त्रेसष्ट, पासष्ट, सत्तर, शंभर

आमच्या गावचा बाजार शनिवारी भरतो. सकाळची शाळा सुटली की मी पिशवी घेऊन तिकडूनच घरी जाते. एकदा अशीच किलोभर टोमॅटो, पाव किलो गवार आणि कोथिंबिरीची जुडी घेतली. विकायला बसली होती माझ्याच पाचवीच्या वर्गातली मुलगी. तिची आई तेवढ्यापुरती कुठेतरी गेली होती. "तीस नि अठरा अठ्ठेचाळीस, नि पंधरा, त्रेसष्ट," तिनं क्षणात सांगितलं. मी शंभराची नोट दिली. तिनं पोत्याखालून पैसे काढले आणि एकेक करत माझ्या हातावर ठेवले. दोनाचं नाणं ठेवून म्हणाली, "पासष्ट." पाचाचं ठेवलं, "सत्तर." दहाची नोट, "ऐंशी." विसाची नोट, "शंभर." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सोमवारी मी मुद्दाम तेच गणित फळ्यावर घातलं. उभी मांडणी केली, १०० मधून ६३ वजा. तिच्या वहीत उत्तर होतं १६३. वरच्या शून्यातून खालचे तीन जात नाहीत, म्हणून तिनं तीनातूनच शून्य वजा केलं होतं. सहाचं तसंच. डावीकडचा एक जसाच्या तसा खाली उतरवला होता. मी सवयीनं लाल फुली मारली आणि मग थांबले.

"शनिवारी मला किती पैसे परत दिलेस?"

"सदतीस."

"मग इथे एकशे त्रेसष्ट कसे?"

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. म्हणाली, "बाई, ते बाजारातलं हाय. ह्ये गणित हाय."

शंभर रुपये घेऊन एकशे त्रेसष्ट परत देणारा दुकानदार जगात नसतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरीही वहीतलं उत्तर तिला खटकलं नाही. वहीतल्या आकड्यांचा खऱ्या पैशांशी काही संबंध असू शकतो, ही अपेक्षाच तिनं सोडून दिली होती. आणि ती काही आपोआप सुटली नव्हती. तिसरीपासून तिच्या वहीत फुल्या मारणारी मीच होते.

रेसिफेचे नारळ

अशी मुलं फक्त माझ्या वर्गात आहेत असं नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथल्या बाजारात फळं-खाऊ विकणाऱ्या मुलांच्या हिशेबाचा अभ्यास तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन या तिघांनी केला आणि १९८५ साली प्रसिद्ध केला. ९ ते १५ वर्षांची पाच मुलं होती. संशोधक आधी गिऱ्हाईक होऊन त्यांच्याकडे गेले. इतक्याचे किती, मोठी नोट दिली तर परत किती, असं विचारत गेले. नंतर तसेच हिशेब त्यांनी त्याच मुलांना कागदावर करायला दिले, काही शाब्दिक उदाहरणं म्हणून आणि काही नुसती आकडेमोड म्हणून. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत अवघी ३७ टक्के.

मुलांनी हिशेब कसे केले, ते टक्केवारीहून जास्त बोलकं आहे. एका मुलाला विचारलं, एक नारळ ३५ क्रुझेरोंना, तर दहा नारळांचे किती? तो तीन नारळांचे १०५ वरून निघाला. आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. राहिला एक, ३५०. दहानं गुणायचं तर पुढे शून्य मांडायचं, हा शाळेतला सोपा नियम त्यानं वापरलाच नाही! नेहमी तीन-तीन नारळ विकले जात असतील, तर १०५ ही रक्कम त्याच्या बोटांवरच असणार.

त्याच मुलानं चार नारळांचा हिशेब बाजारात बरोबर सांगितला. तीनचे १०५, वर ३५, झाले १४०. कागदावर ३५ गुणिले ४ मांडलं तेव्हा मात्र त्याचं उत्तर आलं २००. पाच चोक वीस, शून्य मांडलं, हातचे दोन. मग हातचे दोन आणि तीन मिळून पाच, आणि पाच चोक वीस! हातचा गुणाकारानंतर मिळवायचा, तो त्यानं आधीच मिळवला. आपल्या वर्गात ही चूक कोणी पाहिली नसेल तर सांगा.

पाचच मुलांवरून काय ठरवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'नेचर'मध्ये आला. तो आपल्याच देशातला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून जास्त मुलांचा. या मुलांचे तोंडी व्यवहार चोख होते आणि कागदावरची साधी गणितं अडत होती. मला अधिक अस्वस्थ करून गेला तो याच अभ्यासाचा दुसरा भाग. शाळेत नियमित जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. त्यांना कागदावरचं येत होतं, पण बाजारातला हिशेब समोर ठेवला की ती गडबडत होती. म्हणजे वहीत बरोबरची खूण मिळवणारी माझी 'हुशार' मुलंसुद्धा भिंतीच्या अलीकडेच उभी आहेत.

तिनं नेमकं काय केलं?

वजाबाकी म्हणजे काढून घेणं, असं आपण पहिलीपासून सांगतो. पाच गोट्या होत्या, दोन हरवल्या. पण वजाबाकीचा आणखी एक अर्थ आहे, दोन संख्यांमधलं अंतर. बाजारातल्या मुलीनं शंभरातून काहीच काढलं नाही. ती ६३ वर उभी राहिली आणि १०० पर्यंत चालत गेली. पहिलं पाऊल २ चं, मग ५ चं, १० चं आणि २० चं. पावलांची बेरीज ३७. कुठे थांबायचं तेही तिनं नीट निवडलं, सोयीच्या संख्यांवर, पासष्ट, सत्तर, ऐंशी. शिवाय पडताळा वेगळा करावा लागत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत शंभर पुरे होतात.

फळ्यावर हे दाखवायला एक आडवी रेघ पुरते. डाव्या टोकाला ६३, उजव्या टोकाला १००, मधे थांबे आणि रेघेवर उड्यांच्या कमानी. अंतरं मोजून-मापून आखायची गरज नाही. प्रत्येकाच्या उड्या वेगळ्या येतात आणि यायला हव्यात. आमच्या वर्गात एकानं ७ ची उडी मारून थेट सत्तर गाठलं आणि मग ३०. दुसऱ्यानं आधी तीन दहाच्या उड्या मारल्या, ९३, आणि मग ७.

अंतर म्हणून पाहिलं की आणखी एक गंमत हाती लागते. दोन मुलं रेघेवर उभी आहेत आणि दोघंही एक-एक पाऊल मागे सरकली, तर त्यांच्यातलं अंतर बदलेल का? नाही. मग १०० वजा ६३ ऐवजी ९९ वजा ६२ करा. दशक मोडायला नको, काही नको. ३७. चौथी-पाचवीच्या मुलांना हे स्वतः सापडलं की ती दिवसभर सगळ्यांना सांगत सुटतात.

मग उभी मांडणी शिकवूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. संख्या मोठ्या झाल्या की डोक्यात थांबे लक्षात राहत नाहीत आणि तिथे उभ्या मांडणीला तोड नाही. फक्त मी क्रम बदलला. आधी उत्तर साधारण किती येईल ते बोलायचं, मग रेघेवर उड्या मारायच्या, आणि उभी मांडणी शेवटी. "शंभरातून साठ-पासष्ट गेले तर चाळीसच्या आत काहीतरी," एवढं एक वाक्य बोललेल्या मुलाच्या हातून १६३ सहसा लिहिलं जात नाही.

एक अडचण मात्र नवी आहे. २०१६ साली यूपीआय आलं आणि आता आमच्या बाजारातही भाजीच्या पाटीला चौकटीचा कागद चिकटवलेला असतो. फोन दाखवला की डबी रक्कम बोलते. सुटे पैसे परत देणं हाच प्रकार मुलांच्या नजरेसमोरून कमी होत चालला आहे. जे पूर्वी घरी, दुकानात फुकट शिकायला मिळायचं, ते आता वर्गात मुद्दाम मांडावं लागतं. पुठ्ठ्याची नाणी कापा, जुन्या वहीच्या कागदाच्या नोटा करा आणि एक कोडं घाला. कमीत कमी किती नाणी घेतली तर १ ते १० पर्यंतची प्रत्येक रक्कम सुटे न मागता देता येईल? वर्ग बराच वेळ झटतो. उत्तर आहे चार नाणी, १, २, २ आणि ५. मग मुलं आपणहून विचारतात की नोटासुद्धा १०, २०, ५० अशाच का.

तासात शंभर मिनिटं नसतात

पैशांचं निदान एक बरं आहे, ते शंभराच्या हिशेबात बसतात. तेही नेहमीचं नाही. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. त्या काळच्या मुलांना एकाच गणितात कधी सोळा तर कधी बारा मोडावे लागत. दशमान पद्धत आल्यावरही पंचवीस पैशांना 'चार आणे' म्हणणं सुटलं नाही. २०११ च्या जूनअखेर ते नाणंच चलनातून गेलं.

वेळ मात्र साठावर अडून बसली. साठाचा हिशेब बॅबिलोनियातून आला, आणि आपल्याकडेही दिवसाच्या साठ घटका होत्याच, एक घटका म्हणजे २४ मिनिटं. साठाचे २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० असे कितीतरी सारखे भाग पडतात, ही त्याची मोठी सोय. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास असा कायदा झाला होता. दोनच वर्षांत तो गुंडाळावा लागला.

वर्गात अडचण कशी येते पाहा. मी फळ्यावर लिहिलं, गाडी १०.४० ला सुटते, १३.१५ ला पोचते, प्रवास किती वेळ? वेळापत्रकाच्या फलकांवर तास आणि मिनिटं यांच्यामध्ये बहुधा असंच टिंब असतं आणि ते दशांशचिन्हासारखंच दिसतं. अर्ध्याहून अधिक वर्गानं १३.१५ मधून १०.४० वजा केले आणि २.७५ उत्तर लिहिलं. दोन तास पंचाहत्तर मिनिटं! वजाबाकी अगदी बिनचूक. फक्त एक तास मोडल्यावर त्याची शंभर मिनिटं केली, साठ नाही.

ती भाजीवाली मुलगी खाली मान घालून बसली होती. तिनं काहीच लिहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाजारात करतेस तसं कर." तिनं माझ्याकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना याचा अंदाज घेतला, आणि बोटं मिटत म्हणाली, "दहा चाळीसला वीस घातले, अकरा. अकराचं एक वाजलं, दोन तास. वर पंधरा. दोन तास पस्तीस." मी तिला फळ्याशी बोलावलं आणि तिच्याच शब्दांत रेघ काढायला लावली. मागच्या बाकावरचा एक जण लगेच म्हणाला, "बाई, दोघांना वीस-वीस मिनिटं पुढं सरकवू का?" १३.३५ वजा ११.००. दोन तास पस्तीस. शंभराच्या रेघेवरची युक्ती साठाच्या रेघेवरही चालली, कारण अंतर कशात मोजता याच्याशी तिला देणंघेणं नाही.

रात्रीच्या गाडीला तर हीच पद्धत उपयोगी पडते. रात्री साडेनऊला निघालो, पहाटे सव्वापाचला पोचलो. सव्वापाचातून साडेनऊ वजा कसे करणार? मध्यरात्रीचा थांबा घ्या. तिथपर्यंत अडीच तास, पुढे सव्वापाच तास, एकूण पावणेआठ.

इथे आपल्या भाषेबद्दल सांगायला हवं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द म्हणजे तयार अपूर्णांक आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा पाठ करून घेत. ते पाढे गेले, शब्द राहिले. 'पावणेआठ' म्हणताना मूल आठाला पाव कमी असंच म्हणत असतं, म्हणजे पुढच्या सोयीच्या थांब्यावरून मागे बघत असतं. एकोणतीस, एकोणचाळीस यांतही तेच आहे.

पण याच शब्दांत एक खड्डा आहे. सव्वापाच रुपये म्हणजे ५.२५ आणि सव्वापाच वाजले म्हणजे ५.१५. दोन्हीकडे सव्वाच. रुपयाचा पाव पंचवीस पैशांचा, तासाचा पाव पंधरा मिनिटांचा. हे कुणी बोलून दाखवलं नाही तर मूल त्यात पडतं आणि मोठी माणसंही पडतात. एका मुलाच्या घरी ट्रॅक्टर आहे, नांगरणी तासावर देतात. आम्ही तासाला ८०० रुपये धरले आणि काम झालं १ तास ४५ मिनिटं. त्यानं गणकयंत्रावर १.४५ गुणिले ८०० केलं, ११६० आले. मी विचारलं, "पावणेदोन तासांचे तोंडी किती?" तो म्हणाला, "दोन तासांचे सोळाशे, पाव तासाचे दोनशे कमी, चौदाशे." मग स्वतःच दचकला. २४० रुपये नुसत्या टिंबापायी गेले असते. गणकयंत्रावर १.७५ दाबायचं होतं.

काट्यांच्या घड्याळातली नेहमीची चूकही याच जातीची. दहा चाळीस झालेले असताना तासकाटा अकराच्या जवळ असतो, म्हणून मूल ११.४० वाचतं. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे एक बंद पडलेलं घड्याळ उघडून त्याचा मिनिटकाटा काढून टाकणं. मग एकट्या तासकाट्यावरून वेळ ओळखायची. दहा आणि अकरा यांच्यातली दोन तृतीयांश वाट त्यानं चालली आहे, म्हणजे अकरा व्हायचे आहेत, पण साडेदहा होऊन गेलेत. आठवडाभर हा खेळ झाला की मिनिटकाटा परत बसवायचा. त्याचं काम फक्त बारीक सांगण्याचं, हे तोवर मुलांच्या ध्यानात आलेलं असतं.

तारखांचं गणित अंतराच्या पद्धतीलाही फसवतं, म्हणून तेही घ्या. "१२ तारखेपासून १८ तारखेपर्यंत रजा मिळावी," असा अर्ज आला तर रजा किती दिवसांची? रेघेवर १२ ते १८ अंतर ६, पण शाळेत मूल ७ दिवस दिसणार नाही. इथे उड्या मोजायच्या नाहीत, थांबे मोजायचे आहेत, आणि थांबे उड्यांहून एकानं जास्त असतात. हे समजावल्यावर मी वर्गाला विचारलं, आपल्या शाळेत आठ तासिका आणि एक मधली सुट्टी, तर दिवसात घंटा किती वेळा होते? काहींनी नऊ म्हटलं. रेघ काढणाऱ्यांनी दहा सांगितलं आणि ती कशी ते मला पटवूनही दिलं. आमच्याकडे घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवण्याचं काम वर्षभर ज्याच्याकडे होतं तो मुलगा म्हणाला, "अकरा. परिपाठाच्या आधी एक असतीया."